गंजाचा गेटपास

गंज चांगला की वाईट, असं भाऊंना विचारलं की ते आधी उलटं विचारायचे, "ड्यूटीवर का घरी?"

कारण ड्यूटीवर गंज हा त्यांचा वैरी होता. सौदीतल्या यान्बूच्या ज्या प्लांटमध्ये आम्ही दोघं नोकरीला होतो, तिथले पाइप, टाक्या, जिने, कठडे, लोखंडाचं जे जे असेल ते गंजू न देणं हे त्यांचं काम. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवेत मीठ. त्यामुळे कामाला तोटा नव्हता. आणि संध्याकाळी घरी येऊन चहा झाला, की हाच माणूस डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून वीतभर लांबीच्या मालगाडीच्या डब्यांना बारीक ब्रशनं गंज चढवत बसायचा. "दिवसा पुसायचं आणि संध्याकाळी फासायचं, असला आमचा संसार," वहिनी म्हणायच्या. घरात नवीन सोफा आला तेव्हा त्यांनी महिनाभर त्यावरचं प्लास्टिक काढलं नव्हतं. "यांना नवं काही बघवत नाही हो. हात शिवशिवतात."

भाऊ भुसावळचे. वडील रेल्वेत, यार्डात मालगाड्या तपासायला. गाडी उभी राहिली की हातोडी घेऊन एकेका चाकावर ठोकत जायचं, आवाज खणखणीत आला तर पुढं, बद्द आला तर डब्यावर खडूनं 'सिक' लिहायचं. मग तो डबा गाडीतून कापून बाजूच्या रुळावर दुरुस्तीला. भाऊ त्या यार्डाच्या कडेच्या क्वार्टरमध्ये वाढले आणि त्यांच्या मते जगात पाहण्यासारखी एकच गोष्ट होती, मालगाडी. एक्स्प्रेस गाड्यांविषयी ते, चांगल्या घरातला माणूस सिनेमानटांविषयी बोलतो, तसं बोलायचे.

वडिलांची सवय त्यांच्या खिशात उतरली होती. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी इवलीशी हातोडी आणि पिवळ्या खडूचा तुकडा. ते सगळं ठोकून बघायचे. फ्रिज, गाडीची चाकं, कँटीनमधली खुर्ची, मॅनेजरचं टेबल. भाजीबाजारातल्या येमेनी कलिंगडवाल्याचा त्यांच्यावर इतका विश्वास बसला की तो त्यांना अडवून गिऱ्हाइकांची कलिंगडंही ठोकून घ्यायचा आणि बदल्यात एक फुकट द्यायचा. मला एकदा ताप आला तर भाऊ भेटायला आले, माझ्या पाठीवर दोन बोटांनी ठोकलं, ऐकलं, आणि म्हणाले, "सिक आहेस भो. दोन दिवस बाजूच्या लाइनीवर उभा राहा." डॉक्टरनंही दोन दिवसांचीच रजा लिहून दिली, याचा त्यांना फार अभिमान होता.

डबे मात्र परदेशी. कोणी जर्मनीहून येताना आणायचं, कोणी कुरियरनं पाठवायचं. चकचकीत, हिरवे-पिवळे, अंगावर परक्या कंपन्यांची नावं. भाऊ ती नावं आधी नेलपॉलिश काढायच्या औषधानं पुसून टाकायचे. वहिनींनी जन्मात नेलपॉलिश लावलं नव्हतं, पण बाटली त्यांनाच आणायला लागायची आणि दुकानातली बाई त्यांच्या नखांकडे संशयानं बघायची. मग छप्पर कापायचं, प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवून दारं आपल्याकडच्या डब्यांसारखी करायची, तारेच्या कड्या वळायच्या. त्यानंतर खरं काम. आधी गंजाचा रंग, त्यावर चिमटीनं ओलं मीठ, त्यावर वरचा लाल-तपकिरी रंग. वाळलं की जुन्या टूथब्रशनं मीठ झाडायचं, म्हणजे तिथला रंगाचा पापुद्रा सुटतो आणि खालचा गंज डोकावतो. काजळी हवी तर तव्याच्या बुडाची. धूळ हवी तर खिडकीच्या चौकटीवरची, ती सौदीत मागावी लागत नाही. भाऊंकडे जेवायला गेलं आणि आमटी अळणी लागली तर आम्ही समजायचो, नवा डबा रंगायला घेतलाय.

दिवाणखान्याच्या भिंतीलगत लांब फळी आणि तिच्यावर रूळ. रुळावर डबे. पण इंजिन नाही. कधीच नव्हतं. शुक्रवारी आमच्या मराठी घरांची जेवणं व्हायची, तेव्हा पोरं फळीभोवती जमायची. माझी मुलगी दर खेपेला विचारायची, "अंकल, व्हेअर इज द इंजिन?"

"कमिंग, बेटा. लेट आहे."

मोठ्यांनी विचारलं तर उत्तर जरा लांब असायचं. "मालगाडीला स्वतःचं इंजिन नसतं भो. जे मिळेल ते लागतं, मिळेल तेव्हा लागतं. आपण फक्त फिट राहायचं."

आता गेटची गोष्ट. रंगाचा गंज भाऊंना पुरेसा खरा वाटेना, म्हणून त्यांनी एके दिवशी प्लांटमधल्या पाइपांवरचा खरा गंज खरवडून औषधाच्या बाटलीत भरला आणि घरी निघाले. गेटवर मेंदी लावलेल्या दाढीचा सौदी सिक्युरिटीवाला होता. त्यानं बाटली उजेडात धरली आणि हे काय, असं अरबीत विचारलं.

"इश हादा?"

"गंज."

"कुठला?"

"आपल्याच पाइपाचा."

सिक्युरिटीवाला विचारात पडला. त्याच्या नोकरीत लोकांनी तांब्याची तार नेली होती, डिझेल नेलं होतं, एकानं तर वातानुकूलन यंत्र नेलं होतं. गंज नेताना कोणी सापडलं नव्हतं. पण पाइप कंपनीचा, तर पाइपाचा गंजही कंपनीचाच. गेटपासशिवाय बाहेर जाणार नाही, खलास. भाऊंना हे तर्कशास्त्र मनापासून पटलं. वाद न घालता ते परत फिरले, मॅनेजरकडे गेले आणि रीतसर गेटपास करून आणला: 'गंज, अर्धी बाटली'. मॅनेजर फोनवर होता. त्यानं न वाचता सही केली आणि खाली दोन चौकोन असतात, 'परत आणणार' आणि 'परत आणणार नाही', त्यातल्या पहिल्यावर खूण केली.

झालं. त्या दिवसापासून सिक्युरिटीवाला भाऊ दिसले की हात पसरायचा. "गंज कुठंय? परत आणणार लिहिलंय."

"आणीन, आणीन. इन्शाल्ला."

वर्षानुवर्षं हे चालू होतं. आमच्यासाठी तो विनोद होता. त्या दोघांपैकी निदान एकासाठी तरी नव्हता, असा मला संशय आहे.

भाऊंचे डबे विकत मिळायचे नाहीत आणि वाढदिवसालाही मिळायचे नाहीत. ते मिळवायचा एकच मार्ग होता, कायमचं घरी जाणं. भाऊ सांगायचे की खऱ्या डब्याच्या अंगावर त्याचं मूळ स्टेशन रंगवलेलं असतं, आणि दुरुस्तीसाठी तिथं परत यायची तारीखही असते. देशभर कुठंही भटकू दे, त्याचं घर त्याच्या अंगावर लिहिलेलं. म्हणून जो कोणी फायनल एक्झिटवर निघेल त्याच्यासाठी ते एक डबा करायचे आणि त्यावर त्याच्या गावाचं नाव घालायचे. तारीख घालायचे नाहीत. "घरी पोचलेल्या डब्याला तारीख कशाला?"

बाजारात रंगाचं दुकान चालवणारे दापोलीकडचे एक चाचा होते. भाऊंचं निम्मं सामान त्यांच्याकडून यायचं. दुकानांत सौदी माणसंच ठेवायची असा नियम आला आणि चाचांनी दुकान आवरलं. भाऊ डबा घेऊन गेले. चाचांनी चष्मा लावून वाचलं आणि हसायला लागले.

"अवो भाऊ, आमच्या दापोलीला रेल्वेच नाय! ह्यो डबा जायचा कसा?"

भाऊंचा चेहरा उतरला. डबा घरी परत आणला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर बारीक अक्षरात वाढलं होतं: 'खेडपर्यंत रेल्वेनं, पुढं एस.टी.' चाचांनी तो डबा विमानात मांडीवर ठेवून नेला म्हणे.

सौदीकरणाचे दिवस होते ते. कंपन्यांना रंगांच्या पट्ट्या लावल्या होत्या, सौदी माणसं पुरेशी असतील तर हिरवी, नसतील तर पिवळी, लाल. कोणाची जागा कधी 'राखीव' होईल नेम नव्हता. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, नवा होऊन हातात पडला की माणसं बाळ जन्मल्यासारखं एकमेकांना फोन करायची. आणि भाऊंच्या फळीवरून एकेक डबा निघून जात होता. यार्डातली गाडी डबे जोडून वाढत जाते, ही गाडी घटत चालली होती. एकदा मी विचारलं, "भाऊ, तुमचा स्वतःचा डबा कुठला?"

"नाही."

"का?"

"स्टेशन कुठलं घालू?" ते ब्रश धुता धुता म्हणाले. "क्वार्टरमध्ये वाढलो भो. वडील रिटायर झाले, किल्ली दिली, निघालो. इथंही क्वार्टरच. आपल्या दारावर आजवर नंबर होता, नाव कधी नव्हतं."

मला त्या वेळी फार वाईट वाटलं. वहिनी आत होत्या, त्यांनीही ऐकलं असणार, कारण आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. मग भाऊंनीच विषय बदलला आणि माझ्यासाठी केलेला डबा दाखवला. 'मनमाड'. आधीच तयार. "लागेल तेव्हा घे," म्हणाले. मी म्हटलं, एवढी घाई नाही हो मला.

शेवटी भाऊंचीच जागा राखीव झाली. पत्रात लिहिलं होतं की नवीन सौदी इंजिनियरला काम शिकवावं, तो तयार झाला असं भाऊंनी सही करून कळवावं, आणि मग आपण मोकळे. म्हणजे स्वतःला कापायचा खडू स्वतःच्याच हातात.

हा इंजिनियर तिशीतला, परदेशातून शिकून आलेला, यान्बूचाच. अंगाला अत्तर, बूट इतके पांढरे की त्याला पाइपाखाली वाकायला सांगायचं धाडस होईना. सगळं डिपार्टमेंट त्याच्या पुढेपुढे करायचं, चहा त्याला आधी, एसीखालची खुर्ची त्याला. म्हणून आम्ही त्याचं नाव 'जावई' ठेवलं. त्यानं एकदा अर्थ विचारला तेव्हा मी सांगितलं, फार मानाचा पाहुणा. खोटं काही सांगितलं नाही.

आता गल्फमध्ये अशा वेळी काय करायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. शिकवायचं, पण सगळं नाही. एखादी किल्ली आपल्याकडे ठेवायची. म्हणजे वर्ष संपलं की साहेब म्हणतो, अजून तयार नाही वाटतं, यांना राहू द्या आणखी एक वर्ष. मग आणखी एक. अशी एकेक किल्ली सांभाळून माणसांनी पोरांची लग्नं केली आहेत. आम्ही सगळ्यांनी भाऊंना बजावलं. मी तर दोनदा.

"हो, हो," भाऊ म्हणाले, आणि जावयाला संध्याकाळी चहाला घरी बोलावलं.

तिथं त्याच्या हातात डबा दिला. पत्र्याचा, वरून नवा कोरा, चंदेरी, चकचकीत. "यात गंज कुठंय?"

जावयानं सगळीकडून फिरवून पाहिला. "मा फी, उस्ताद. नाहीच."

भाऊंनी डब्याच्या तळावर अंगठा दाबला. तळ भुगा होऊन गालिच्यावर पडला. वहिनी आतून "अहो!" म्हणून ओरडल्या. भाऊ म्हणाले, "बाहेर पत्रा चकाचक, आत पाणी शिरलेलं. आपल्या पाइपांवर उष्णता टिकवायला आवरण आणि वर पत्रा गुंडाळलेला असतो ना, त्याच्या आत हेच होतं. आता सांग, पाणी शिरलं कुठून?"

जावई रोज यायला लागला. आधी मला वाटलं, वहिनींच्या शेवभाजीसाठी येतो, आणि निम्मं ते खरंही होतं. पण भाऊ त्याला डबे रंगवायला लावायचे. त्यानं पहिला डबा रंगवला तो सगळीकडून सारखा, नाचणीचं पीठ माखल्यासारखा. भाऊंनी खडूनं 'सिक' लिहून परत दिला.

"गंज सगळीकडे सारखा नसतो, बाबा. गंजाला कारण लागतं. पाणी कुठं थांबतं? वारा कुठून येतो? माणूस हात कुठं घालत नाही? तिथं."

त्यानं दुसरा केला. सिक. तिसरा. सिक. पांढरे बूट जाऊन साधे आले. मग एक दिवस प्लांटमध्ये फेरी मारताना जावई एका पाइपाखाली थांबला. वर सगळं नीट, पत्रा कोरा. तो म्हणाला, "उस्ताद, इथं पाणी थांबत असणार. समुद्राकडून वारा, वर आधाराची पट्टी, आणि इथं कोणाचा हात पोचत नाही." उघडून पाहिलं. पाइप आतून पापडासारखा झाला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर तो फुटला असता, आणि त्या वाटेनं आम्ही सगळे रोज जेवायला जायचो.

त्या दुपारी भाऊ बस्बूसाचा, म्हणजे तिथल्या रव्याच्या मिठाईचा, मोठा ट्रे घेऊन कँटीनमध्ये आले आणि सगळ्यांना वाटत सुटले. नातू झाल्यासारखा चेहरा. आणि मॅनेजरच्या टेबलावर सही केलेला कागद ठेवून आले होते: तयार आहे.

मला राग आला. खरंच राग आला. "भाऊ, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात आणि वर मिठाई वाटताय? वहिनींना काय सांगणार? जाणार कुठं तुम्ही?"

ते बस्बूसा चावत राहिले. मग म्हणाले, "वडील गाडी पास करायचे ना, तेव्हा ती पुढं कुठं जाणार त्यांना माहीतही नसायचं. पुढच्या स्टेशनवरचा माणूस त्यांना ओळखत नव्हता. तो खडूवर विश्वास ठेवायचा. मी अर्धं शिकवून पास लिहू? तू जेवायला जातोस की त्या पाइपाखालून."

मी दुसरा तुकडा घेतला.

निरोपाचा समारंभ कँटीनमध्येच झाला. मॅनेजरनं घड्याळ दिलं, भाषण केलं. मग जावई उठला आणि त्यानं बुटांचं एक खोकं भाऊंच्या पुढं ठेवलं. आत डबा होता. भाऊंनी चष्मा बदलला, खिशातून हातोडी काढली आणि भर समारंभात तपासणी सुरू केली. चारी चाकं ठोकली. उलटा केला. मॅनेजरही उभाच.

डब्याची एक बाजू बऱ्यापैकी नीट होती आणि दुसरी खाल्लेली. समुद्राकडची. दाराच्या वरच्या पट्टीखाली, जिथं पाणी थांबतं, तिथं गंज दाट होता, आणि तो रंग नव्हता. त्याच फुटायला आलेल्या पाइपाचा खरा गंज होता, जावयानं जपून ठेवलेला. कडेला पांढऱ्या अक्षरात मूळ स्टेशन लिहिलं होतं: यान्बू. त्याच्याखाली तारीख.

तारीख वाचून आम्ही सगळे हसलो, कारण ती प्लांटमध्ये प्रत्येकाला पाठ होती. दोन वर्षांनंतरच्या मोठ्या शटडाऊनची. सगळं प्लांट थंड करून पोटातून तपासायचे ते दिवस.

भाऊ मात्र हसले नाहीत. "ही परतीची तारीख कोणी पास केली?"

"मी," जावई म्हणाला. "आता सही माझी चालते, उस्ताद."

भाऊंनी खडू काढला. इतकं बारीक लिहिलं की आम्हाला वाचता येईना, पण 'सिक' नव्हतं एवढं नक्की. मग ते खाली बसले आणि रुमाल शोधायला लागले. तो वहिनींनी दिला, स्वतःचे डोळे पुसून झाल्यावर.

ते गेले. भुसावळला भाड्याचं घर घेतलं. फोनवर शटडाऊनचा विषय मी काढायचो नाही. निरोपाला माणसं पुष्कळ काही बोलतात, आणि व्हिसा काही खडूनं लिहिता येत नाही. मी गल्फमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून मी ते सगळं समारंभाच्या फुलांबरोबर सोडून दिलं होतं.

शटडाऊन सुरू झालं त्या सकाळी मी गेटवर रांगेत होतो, आणि पुढं काहीतरी अडलं होतं. डोकावून पाहिलं. भाऊ! जावयानं काढून दिलेल्या व्हिजिट व्हिसावर, डोक्यावर पाहुण्यांचं हिरवं हेल्मेट, खिशाला हातोडी. शेजारी जावई, त्याच्या हातात भाऊंची बॅग. आणि समोर मेंदीच्या दाढीचा सिक्युरिटीवाला, आता आणखी थोडा म्हातारा. त्याच्या हातात बुटांचं खोकं.

"इश हादा?"

भाऊंनी खोकं उघडलं. सिक्युरिटीवाल्यानं डब्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली तांबडी पूड उजेडात धरून पाहिली, आणि हळूहळू त्याची दाढी हसायला लागली. भाऊंनी पाकिटातून घडी घातलेला, पिवळा पडलेला गेटपास काढून त्याच्यापुढं धरला.

सिक्युरिटीवाल्यानं तो नीट वाचला. खिशातून पेन काढलं, 'परत आणणार'च्या पुढं 'आणलं' असं लिहिलं आणि सही ठोकली.

"इतका उशीर?" त्यानं विचारलं.

"काय करू भो," भाऊ म्हणाले. "इंजिन मिळत नव्हतं."